शाळेचा इतिहास कोणत्या कपाटात असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

शंभरी गाठलेली हायस्कुलं आता आपल्याकडे बऱ्याच तालुक्यांत आहेत, आणि पंच्याहत्तरी झालेली तर कितीतरी. महोत्सव जवळ आला की माजी विद्यार्थ्यांची समिती बसते, स्मरणिका काढायचं ठरतं आणि 'शाळेचा इतिहास' हे प्रकरण एखाद्या निवृत्त सरांच्या गळ्यात पडतं. सर बिचारे आठवेल ते लिहून देतात. छापून येतं ते ठरलेलं: संस्थापकांचा फोटो, मुख्याध्यापकांची नावं, बोर्डात आलेल्या मुलांची यादी आणि रोपट्याचा वटवृक्ष. शाळेत नळ कधी आला, पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली, प्रयोगशाळेत गॅस कधी आला, यातलं एक अक्षरही त्यात नसतं. आणि गंमत अशी की हे सगळं लिहिलेलं असतं. शाळेच्याच ऑफिसात, हेडक्लार्कच्या पाठीमागच्या कपाटात, तारखेनिशी आणि सहीनिशी. ते कपाट कसं वाचायचं, आणि वाचता वाचता शाळेच्या आजच्या सोयी कशा तपासायच्या, एवढाच आजचा विषय.

कपाट उघडण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. आपली शाळा मुळात कोणाची? कागद कुठे गेले असतील, ते यावरून कळतं. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर, म्हणजे शिक्षणाबद्दलच्या इंग्रजांच्या धोरणपत्रानंतर, मुंबई इलाख्यात शिक्षणखातं उभं राहिलं आणि खाजगी शाळांना अनुदान द्यायची पद्धत सुरू झाली. १८५६ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून हायस्कूल आणि कॉलेज वेगळे झाले. १८५७ मध्ये विद्यापीठ आलं, १८५९ मध्ये पहिली प्रवेशपरीक्षा झाली. ती मॅट्रिक. न्यायमूर्ती रानडे त्या पहिल्याच तुकडीतले. पुढे जिल्ह्याच्या गावी सरकारी हायस्कूल, संस्थानात दरबारी हायस्कूल आणि बाकी ठिकाणी लोकांनी काढलेल्या शाळा, अशी ही घडण झाली. पुण्याचं न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, हुजूरपागा १८८४ ची. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराजा सयाजीरावांच्या नावानं मोफत निवासी हायस्कूल काढलं ते १९४० मध्ये. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि काही जुनी सरकारी हायस्कुलं त्यांच्याकडे गेली. साताऱ्याचं प्रतापसिंह हायस्कूल आज जिल्हा परिषदेचंच आहे.

तेव्हा शाळा संस्थेची असेल तर मान्यतेचे आणि अनुदानाचे कागद संस्थेच्या मुख्य कार्यालयात शोधा. जिल्हा परिषदेची असेल तर माध्यमिक शिक्षण विभागात. शाळा मूळची इंग्रज सरकारची असेल, तर शिक्षणखात्याचा जुना पत्रव्यवहार मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात असतो. ते एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. संस्थानी मुलखातल्या शाळेसाठी त्या संस्थानाचं दप्तर पाहावं लागतं, कोल्हापूरकरांना ते कोल्हापुरातच मिळतं.

आता शाळेतलं कपाट. सगळ्यात वरच्या खणात, सगळ्यात जाड, कापडी पाठीचं जे रजिस्टर असतं ते जनरल रजिस्टर. कुणी त्याला दाखलखारीज म्हणतं, कुणी नुसतं जी. आर. प्रत्येक मुलाला एक क्रमांक. पुढे नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख आणि इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण आणि शेरा. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून उतरवतात.

एका ओळीत काय मावतं ते बघायचं तर साताऱ्याच्या त्याच प्रतापसिंह हायस्कूलचं उदाहरण घेऊ. ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला तिथे एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टर क्रमांक १९१४. नाव भिवा रामजी आंबेडकर, समोर मुलाची सही. ती नोंद शाळेनं जपून ठेवली म्हणूनच २०१७ पासून राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पण साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः जे लिहून ठेवलंय ते रजिस्टरमध्ये नाही. शाळेत नळ होता. इतर मुलांनी गुरुजींना विचारलं की जाऊन पाणी पिता येई. या मुलाला नळाला हात लावायची मनाई, म्हणून शिपाई हजर असेल आणि त्यानं तोटी सोडली तरच पाणी, नाहीतर तहान मारायची. बसायला गोणपाट, तेही रोज घरून आणायचं आणि घरी न्यायचं. शाळेच्या कागदावर विचारलं असतं, पाण्याची सोय आहे का, तर उत्तर 'आहे' असंच आलं असतं. हे उदाहरण लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जी. आर. वाचताना तीन ठिकाणी गफलत होते. पहिली इयत्तेची. जुनी 'इंग्रजी पहिली' म्हणजे आजची पाचवी, कारण मराठी चार इयत्ता आधी व्हायच्या. मॅट्रिक म्हणजे इंग्रजी सातवी, म्हणजे अकरावी. 'सातवीत शाळा सोडली' एवढ्यावरून मुलगा अर्धवट शिकला असं लिहू नका, तो मॅट्रिकपर्यंत पोचलेला असू शकतो. दुसरी १९७५ ची. दहा अधिक दोन अधिक तीन या नव्या आकृतिबंधातली दहावीची पहिली बॅच त्या वर्षी बसली आणि जुन्या अकरावीची शेवटची बॅचही त्याच वर्षी. निकालाचा आलेख काढणारा माणूस त्या वर्षी मुलं एकदम दुप्पट झालेली पाहून शाळेची भरभराट झाली असं लिहून मोकळा होतो. पुढच्याच वर्षी आकडा खाली येतो तेव्हा काय लिहायचं हे त्याला सुचत नाही.

तिसरी गफलत जन्मतारखेची. १ जूनला जन्मलेल्यांची रांगच्या रांग दिसेल. गावात जूनमध्ये खरंच एवढी बाळंतपणं होत नव्हती. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, जन्माचा दाखला कुणाकडे नसायचा, गुरुजी पोराकडे बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख १ जून टाकायचे. ती तारीख कायद्यानं पक्की असते, इतिहासाला ती अंदाजेच धरावी.

या रजिस्टरला आज सर्वांत जास्त हात लागतात ते जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेच्या नोंदीत निघतो. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या शाळांची कपाटं पुन्हा उघडली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. चांगलंच झालं. पण त्या धांदलीत कितीतरी पानांचे कोपरे गेले, पाठी उसवल्या. फोटो काढून ठेवले असते तर मूळ रजिस्टर रोज उघडावं लागलं नसतं.

आता दुसरं रजिस्टर, ज्याच्याकडे स्मरणिकावाले ढुंकूनही बघत नाहीत. डेडस्टॉक. सरकारी कागदात त्याला जडवस्तू संग्रह नोंदवही म्हणतात, पण शाळेत सगळे डेडस्टॉकच म्हणतात. तारीख, वस्तू, नग, दर, एकूण किंमत, कोणाकडून घेतली, बिल क्रमांक, शेरा, एवढेच रकाने. शाळेच्या सोयींचा इतिहास म्हणून याच्यापेक्षा भरवशाचं दुसरं काही नाही. कारण इथे पैसे खर्च झालेत आणि ऑडिटरनं लाल-हिरव्या पेन्सिलीनं खूण केलेली आहे.

जुन्या हायस्कूलचं डेडस्टॉक पहिल्या पानापासून वाचत गेलं की शाळा वाढताना दिसते. आधी बैठकीच्या सतरंज्या, लाकडी फळे, एक टेबल, एक खुर्ची, पितळी तास आणि त्याचा टोला. मग लांब बाकं, दौतीला भोक असलेली. पाण्याचा रांजण, पितळी ओगराळं. कंदील, पुढे गॅसबत्ती: म्हणजे रात्रीचा अभ्यासवर्ग सुरू झाला. नकाशे, पृथ्वीचा गोल. मग लेझीम, डंबेल्स, मल्लखांबाचा खांब. मग एका वर्षी एकदम दोन-तीन पानं भरून विज्ञानाचं साहित्य येतं: रासायनिक तराजू आणि वजनपेटी, बॅरोमीटर, किपचं उपकरण, लेक्लांशे घट, मानवी सांगाडा. त्या वर्षी प्रयोगशाळेचं अनुदान मिळालेलं असतं. हे कळलं की मान्यतेची फाइल कोणत्या वर्षाची काढायची तेही कळतं. आणि श्रोतेहो, कुठेतरी 'रेडिओ संच, एक' अशी नोंद भेटतेच. शालेय कार्यक्रम ऐकवण्यासाठी घेतलेला. रेडिओला तेव्हा परवाना लागे आणि त्याची फी भरल्याची पावती दुसऱ्या फाइलीत असते.

वस्तू घेतली हे डेडस्टॉक सांगतं. वापरली का, ते सांगत नाही. त्यासाठी शेजारचं पातळ रजिस्टर काढायचं, उपभोग्य वस्तूंचं. त्यात खडू, शाईच्या पुड्या, स्पिरिट, आम्लं, परीक्षानळ्या. स्पिरिट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल दरवर्षी नव्यानं आणलेलं दिसलं तर प्रयोग होत होते. परीक्षानळ्यांची फुटतूट दरवर्षी थोडी थोडी आहे, तर मुलांच्या हातात नळ्या जात होत्या. दहा वर्षांत एकही नळी फुटलेली नसेल तर ती प्रयोगशाळा कुलपात होती, असं खुशाल समजा. याचं कारणही सांगण्यासारखं आहे. फुटलेल्या वस्तूची भरपाई सहायकाकडून किंवा शिक्षकाकडून मागायची रीत बऱ्याच शाळांत होती. कोण कशाला कपाट उघडेल? सूक्ष्मदर्शक चाळीस वर्षं नवाकोरा राहतो तो अशाने.

डेडस्टॉकमधली आणखी एक अडचण म्हणजे निर्लेखन. मोडलेली वस्तू रजिस्टरमधून कमी करायला वरची मंजुरी लागते. प्रस्ताव पाठवायचा कंटाळा, पाठवला तर तो परत यायची भीती. म्हणून मोडकी बाकं फेकता येत नाहीत आणि ती रचून ठेवायला एक धडधाकट वर्गखोली अडते. अहवालात वर्गखोल्या चौदा, मुलं बसतात तेरांत. मुख्याध्यापकांना एक सांगणं आहे: वर्षातून एकदा, मार्चअखेरीच्या गडबडीत नाही तर दिवाळीच्या सुट्टीआधी, डेडस्टॉक हातात घेऊन प्रत्यक्ष मोजणी करा, मोडक्या वस्तूंची यादी आणि फोटो जोडून निर्लेखनाचा एकच प्रस्ताव पाठवा. खोली मोकळी होते. नवी खोली बांधायला लाखो रुपये लागतात, हिला कागद लागतो.

तिसरं शेरेबुक, म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबांनी लिहिलेले शेरे. जागा अपुरी, मैदान नाही, मुतारी दुरुस्त करावी, अशी भाषा. एकच शेरा किती वर्षं पुन्हा पुन्हा येतो ते मोजा. तेवढं पुरे.

आता कपाट बंद करून शाळेत फेरी मारू. आजच्या सोयींची माहिती यूडायस प्लस या सरकारच्या ऑनलाइन नोंदणीत भरली जाते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रात तो २७ ने सुरू होतो. पाचवी ते आठवीचे वर्ग असलेल्या हायस्कूलला २००९ चा शिक्षणहक्क कायदाही लागू आहे. पक्की इमारत, अडथळ्याविना प्रवेश, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, शुद्ध पाणी, मैदान, कुंपण, ग्रंथालय हे त्यातच येतं. फॉर्म भरताना बहुतेक सगळीकडे 'आहे' असंच उत्तर जातं. साताऱ्याचा नळ आठवा. सोय आहे का, हा प्रश्न अर्धाच असतो. कोणाला, किती वाजता आणि कोणाच्या परवानगीनं, हे विचारलं की खरी माहिती बाहेर येते.

पाण्यापासून सुरुवात करू. पाच हजार लिटरची टाकी असेल तर टी.सी.एल. म्हणजे ब्लीचिंग पावडर साधारण पंचवीस ग्रॅम लागते, हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबानं. पावडर थेट टाकीत झोकायची नाही. आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी टाकीत ओतायचं आणि अर्धा तास थांबायचं. मग ओ.टी. टेस्ट, म्हणजे पाण्याच्या नमुन्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून बघायचं, पाणी पिवळसर झालं तर क्लोरिन आहे. पिवळं होत नसेल तर दोष बहुधा पावडरीत. पिशवी उघडी राहिली, दमट खोलीत पडून राहिली की तिची ताकद जाते, आणि शाळेत ती नेमकी मोरीशेजारीच ठेवलेली असते. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगानं लिहा. रजिस्टरमधली तारीख कुणी वर चढून बघत नाही.

स्वच्छतागृहाचा हिशेब: स्वच्छ विद्यालय मोहिमेत चाळीस मुलांमागे एक युनिट धरलंय, त्यात एक शौचकूप आणि तीन मुताऱ्या. चारशे मुलींच्या शाळेला म्हणजे दहा शौचकूप. पण मधली सुट्टी असते अर्ध्या तासाची आणि सगळ्या मुली एकाच वेळी बाहेर येतात, त्यामुळे दहातले चार बंद असले की शेवटच्या मुली घंटेपर्यंत रांगेत राहतात. मग मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. बंद का असतात, तर किल्ली शिपायाकडे, किंवा वरच्या टाकीतून आलेली पाण्याची लाइन तुटलेली, किंवा सॅनिटरी पॅड टाकायला जागा नसल्यानं चेंबर तुंबलेला. झाकणाची बादली आणि ती रोज रिकामी करणारं माणूस, एवढ्यानं शेवटचा प्रश्न सुटतो. पॅड जाळायचं यंत्र अनुदानातून येतं, पण स्वच्छतागृहात प्लगपॉइंटच नसतो, आणि यंत्र स्टाफरूममध्ये खोक्यात राहतं.

रॅम्प बघा. उताराचं प्रमाण एकास बारा. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्पची लांबी अठरा फूट हवी. बऱ्याच ठिकाणी तो सहा फुटांत आटपलेला दिसतो. त्यावरून व्हीलचेअर एकट्यानं चढत नाही, शिक्षकांच्या मोटारसायकली मात्र व्हरांड्यात छान चढतात.

प्रयोगशाळेत आम्लाच्या बाटल्या सगळ्यात खालच्या फळीवर, ट्रेमध्ये. वरच्या फळीवरची बाटली काढताना हातातून सुटली तर तोंडावर येते. सोडियम रॉकेलमध्ये बुडालेलं आहे का पाहा, रॉकेल उडून जातं आणि ते वर भरायचं राहतं. लेबल गेलेली बाटली उघडून वास घ्यायचा नाही आणि बेसिनमध्ये ओतायचीही नाही, वेगळी काढून ठेवायची. फुटलेल्या बॅरोमीटरमधला पारा केरसुणीनं झाडायचा नाही. त्याचे बारीक थेंब होऊन खोलीभर पसरतात. खिडक्या उघडायच्या, मुलांना बाहेर काढायचं, कडक कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचे.

मैदानाचं मोजमाप टेपनं करा, आठवणीनं नको. खो-खोला २७ बाय १६ मीटर लागतं, कबड्डीला १३ बाय १०, आणि कडेनं मोकळी जागा वेगळी. ही दोन आखून झाली की किती उरतं ते लिहा. मग जुना बांधकाम नकाशा काढा. सायकलस्टँड, संगणक कक्ष, मंगल कार्यालयासारखा बांधलेला बहुउद्देशीय हॉल, हे सगळं मैदानातूनच कापून घेतलेलं असतं, आणि ते कोणत्या वर्षी कापलं हेही डेडस्टॉक आणि बांधकामाच्या फाइलीवरून लागतं. स्मरणिकेत दोन नकाशे शेजारी छापले, जुना आणि आजचा, तर पन्नास भाषणांचं काम होईल.

शेवटी कागद हाताळण्याबद्दल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. दहा वर्षांत तिचा डिंक पिवळा पडतो आणि अक्षरासकट कागद खातो. लॅमिनेशन तर नकोच, ते परत काढता येत नाही. धूळ मऊ कोरड्या ब्रशनं, ओलं फडकं लावायचं नाही, कारण जुनी शाई पाण्यानं फुटते. रजिस्टर उभं ठेवलं की पाठ उसवते, जाड रजिस्टरं आडवी ठेवा, भिंतीपासून चार बोटं लांब. फोटो काढताना खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, मोबाइल पानाला समांतर धरून. पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत, कोरी पानंही सोडू नका. नाहीतर मधलं पान गेलंय की मुळातच कोरं होतं हा वाद पुढे मिटत नाही. फाइलचं नाव रजिस्टरचं वर्ष आणि पान क्रमांक असं द्या. एक प्रत शाळेत, एक संस्थेत किंवा शिक्षण विभागात. मूळ नोंदीत पेननं खूण करायची नाही आणि चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही. जी. आर. मधली दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय होत नाही आणि स्मरणिका समितीला तर तो अधिकारच नाही.

आणि छापताना एक पथ्य. जी. आर. मध्ये जात आहे, पत्ता आहे, 'फी थकली म्हणून नाव कमी' असे शेरे आहेत. ती माणसं किंवा त्यांची मुलं गावातच राहतात. पानाचा फोटो जसाच्या तसा छापू नका. संख्या छापा: कोणत्या वर्षी किती मुली आल्या, किती मुलं फी न भरल्यामुळे गेली, किती मुलं दुसऱ्या गावाहून चालत येत होती. नाव छापायचं असेल तर त्या घरी जाऊन विचारा.

नमस्कार.